लेटेस्ट म्हणजे ताजं नव्हे



आजची नोंद भुरीची नाही, डाऊनीची नाही, पाण्याची पण नाही. आजची नोंद इंग्रजीची आहे. बघून पुढं सरकू नका. गेल्या हंगामात एका इंग्रजी शब्दानं माझे एक लाख वीस हजार घालवले. औषध चुकलं असतं तर मी इथं लिहिलंच असतं. शब्द चुकला तर का लपवू?

झालं ते असं.

दोन एकर थॉमसनचा प्लॉट. ऑक्टोबर छाटणी ५ तारखेला. विरळणी वेळेवर झालेली, घड मोकळे, १५ टन तरी माल बाहेर देशात जाईल असा अंदाज होता. निर्यातदाराकडं सॅम्पलच्या तारखा लावणारे साहेब दक्षिणेकडचे. त्यांना मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. त्यामुळं सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर आणि इंग्रजीत. मी बारावी झालेला. इंग्रजी वाचून समजतं, लिहिताना हात अडखळतो, पण काम भागतं. भागतं असं वाटत होतं.

सॅम्पलसाठी मी आधी २८ जानेवारी ही तारीख कळवली होती. नवीन वर्ष लागलं आणि तीन-चार दिवस ढगाळ राहिलं, सकाळी पानावर दव. भुरीनं डोकं वर काढलं. कमी दिवसांच्या पीएचआयचं औषध आधीच दोनदा मारून झालं होतं, तेच ते परत मारलं की भुरी दाद देत नाही. म्हणून ६ जानेवारीला दुसऱ्या गटातलं औषध घेतलं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतलंच होतं, पण त्याचा पीएचआय ३० दिवसांचा. म्हणजे ५ फेब्रुवारी उजाडल्याशिवाय घडाला कात्री लावायची नाही, ना सॅम्पलला ना काढणीला.

तारीख बदलली म्हणून मी साहेबांना त्याच रात्री लिहिलं, "लेटेस्ट डेट ५ फेब्रुवारी."

माझ्या डोक्यात काय होतं? लेटेस्ट म्हणजे ताजी, नवी. लेटेस्ट मोबाईल, लेटेस्ट भाव, लेटेस्ट बातमी. आपण रोज बोलतोच की. जुनी तारीख २८ जानेवारी, लेटेस्ट तारीख ५ फेब्रुवारी.

साहेबांनी काय वाचलं? लेट, लेटर, लेटेस्ट. सर्वांत उशिराची. म्हणजे ५ फेब्रुवारी ही शेवटची मुदत, त्याच्या आत कधीही सॅम्पल घ्या. त्यांनी लगेच "नोटेड" पाठवलं. दोघंही खूश. दोघांच्या डोक्यात तारीख एकच, अर्थ बरोबर उलटे.

२९ जानेवारीला मी कोपरगावला लग्नाला गेलो होतो. मांडवात डीजे वाजत होता, फोन खिशात. इकडं लॅबचा मुलगा पिशव्या आणि कात्री घेऊन प्लॉटवर हजर. प्लॉटवर बायको होती. तिनं विचारलं, "कशाला आला रे भाऊ?" तो म्हणाला, "काकू, सॅम्पलला. ऑफिसनं पाठवलंय, सही करा." तिनं सरळ सांगितलं, "पाच तारखेच्या आधी एका घडाला हात लावायचा नाही. हे सांगून गेलेत." त्यानं फोनवरचा माझा मेसेज दाखवला. ती म्हणाली, "त्यात काय लिहिलंय ते मला समजत नाही. पाच तारखेच्या आधी नाही म्हणजे नाही."

तो मुलगा हात हलवत परत गेला. त्याला तरी काय बोलणार, पन्नास किलोमीटर गाडी मारून आला होता.

तिनं त्या दिवशी काय वाचवलं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. युरोपात प्रत्येक औषधाला अंशाची मर्यादा ठरलेली आहे. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. पीएचआयला आठवडा बाकी असताना सॅम्पल गेलं असतं आणि रिपोर्ट मर्यादेच्या वर आला असता, तर त्या प्लॉटचा युरोपचा रस्ता बंद झाला असता.

पण वेळ गेली ती गेलीच. साहेब चिडले. त्यांच्या मते तारीख मी दिली आणि मीच माणूस परत पाठवला. हंगाम ऐन भरात, लॅबला गर्दी, माझा नंबर मागं ढकलला. सॅम्पल झालं १४ फेब्रुवारीला, रिपोर्ट आला, माल तुटला २० तारखेला. तोवर बाजारात माल वाढला होता. माझ्या ठरलेल्या भावात किलोमागं ८ रुपये कमी झाले. १५ टनाचा हिशोब तुम्हीच करा.

साहेबांची चूक नव्हती. औषधाची नव्हती. मेसेज माझा होता.

त्या रात्री जेवताना दहावीतल्या मुलीला मेसेज दाखवला. तिनं वाचला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही सुपरलेटिव्ह लिहिलंय. तुम्हाला कम्पॅरेटिव्ह पाहिजे होतं."

मी म्हणलं, "मराठीत सांग."

ती म्हणाली, "आईनं काय सांगितलं त्या मुलाला? पाच तारखेच्या आधी नाही. तेच इंग्रजीत लिहायचं होतं. नॉट अर्लियर दॅन ५ फेब्रुवारी."

चार शब्द. माझी बायको सातवी शिकलेली, तिचं मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत टाकलं असतं तरी भागलं असतं.

मग उन्हाळ्यात, खरड छाटणी झाल्यावर, मी मुलीची व्याकरणाची वही घेऊन बसलो. माझे जुने मेसेज एकेक काढून तिच्याकडून तपासून घेतले. त्यातून जे समजलं ते खाली देतोय. व्याकरण शिकवायचा माझा अधिकार नाही. ही माझ्या चुकांची नोंद समजा.

पहिली गोष्ट, आपण चुकतो कुठं? मराठीत विशेषण जागचं हलत नाही. हा घड मोठा. हा त्यापेक्षा मोठा. हा सगळ्यांत मोठा. तिन्ही ठिकाणी शब्द "मोठा"च. सगळा भार "पेक्षा" आणि "सगळ्यांत" यांच्यावर. इंग्रजीत शब्द स्वतःच बदलतो. बिग, बिगर, बिगेस्ट. अर्ली, अर्लियर, अर्लिएस्ट. लेट, लेटर, लेटेस्ट. आणि दोघांची तुलना असेल तर "दॅन" पण लावावा लागतो. आपल्याला एकाच जागी काम करायची सवय, तिथं दोन जागी करावं लागतं. म्हणून एक जागा सुटते.

मी लिहायचो, "धिस इयर प्लॉट इज अर्ली दॅन लास्ट इयर." पेक्षा आला, शब्द बदलला नाही. बरोबर वाक्य, "धिस इयर द प्लॉट इज अर्लियर दॅन लास्ट इयर."

कधी उलटी चूक. दोन्हीकडून जोर लावायचा. "मोअर स्वीटर", "मोअर बिगर", "मोअर बेटर". एकाच भुरीला दोन औषधं एका टाकीत ढवळल्यासारखं. एकच लावायचं. लहान शब्द असेल तर शेवटी अर, जसं स्वीटर, बिगर, थिकर. वाय अक्षरानं संपणारा असेल तर वाय जाऊन आय येतो, पण चालतं तसंच, हेवी–हेवियर, अर्ली–अर्लियर. शब्द लांब असेल तर आधी मोअर, जसं मोअर युनिफॉर्म, मोअर एक्स्पेन्सिव्ह. आणि काही शब्द कुठल्याच नियमात बसत नाहीत, ते पाठच करायचे. गुड–बेटर–बेस्ट. बॅड–वर्स–वर्स्ट. लिटल–लेस–लीस्ट. मच आणि मेनी, दोन्हींचं मोअर–मोस्ट.

दुसरी गोष्ट, तुलना कशाची कशाशी? मी एकदा लिहिलं होतं, "माय ग्रेप्स आर स्वीटर दॅन माय नेबर." मुलगी हसून लोळली. याचा अर्थ झाला, माझी द्राक्षं माझ्या शेजाऱ्यापेक्षा गोड आहेत. म्हणजे त्या माणसापेक्षा. तसं ते खोटं नाही, पण मला त्याच्या द्राक्षांबद्दल बोलायचं होतं. "दॅन माय नेबर्स ग्रेप्स" किंवा नुसतं "नेबर्स", मालकीच्या खुणेसकट. मराठीत "शेजाऱ्यापेक्षा माझा माल गोड" म्हणलं तर समोरचा समजून घेतो. इंग्रजीत लिहिताना द्राक्षाची द्राक्षाशी, उताऱ्याची उताऱ्याशी तुलना लिहायची.

तिसरी, काही शब्दांना दॅन चालत नाही, टू लागतो. सुपीरियर टू, इन्फीरियर टू, प्रायर टू. यातला प्रायर आपल्या रोजच्या कामाचा. औषधाच्या कागदावर "थर्टी डेज प्रायर टू हार्वेस्ट" असं काही दिसलं तर त्याचा अर्थ काढणीच्या ३० दिवस आधी. तिथं दॅन शोधत बसू नका.

चौथी, कमी या एका शब्दाला तिकडं दोन शब्द. मोजता येत नाही त्याला लेस, मोजता येतं त्याला फ्युअर. लेस वॉटर, लेस सल्फर. फ्युअर बंचेस, फ्युअर स्प्रेज. बोलताना लोक सगळीकडं लेसच वापरतात आणि त्यानं काही अडत नाही. पण अहवालात लिहायचं असेल तर फ्युअर लिहा.

पाचवी, टक्के. शुगर १६ वरून १८ वर गेली की आपण म्हणतो "दोन टक्के वाढली". इंग्रजीत "टू पर्सेंट हायर" लिहिलं तर हिशोब करणारा माणूस १६ चे दोन टक्के धरील, म्हणजे १६.३२. तिथं "टू डिग्रीज ब्रिक्स हायर दॅन लास्ट वीक" लिहायचं. टक्केवारीतच सांगायचं असेल तर ती वाढ साडेबारा टक्क्यांची आहे, दोनची नाही.

सहावी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आपल्या धंद्यात निम्मी इंग्रजी वाक्यं मर्यादेची असतात. मर्यादा म्हणजे तुलनाच. म्हणून ही चार-पाच मी पंपाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवलीत.

नॉट अर्लियर दॅन ५ फेब्रुवारी. पाचच्या आधी नाही. पाच तारीख चालेल, पुढचीही चालेल.

नॉट लेटर दॅन ५ फेब्रुवारी. पाचच्या पुढं नाही. पाचच्या आतली कुठलीही चालेल. माझा "लेटेस्ट" साहेबांना असाच दिसला होता.

नॉट मोअर दॅन टू स्प्रेज. जास्तीत जास्त दोन फवारण्या. दोन चालतात, तिसरी नाही.

ॲट लीस्ट १६ ब्रिक्स. किमान १६. सोळा चालतं, साडेपंधरा नाही.

मोअर दॅन १८ एमएम. इथं नीट बघा. यात १८ स्वतः बसत नाही, १८ च्या वरचाच मणी पाहिजे. १८ चा मणी पण चालत असेल तर "नॉट लेस दॅन १८" किंवा "१८ एमएम अँड अबव्ह". व्यवहार ठरवताना हा फरक विचारून घ्या, तोडलेल्या मालात मग भांडण नको.

आणि "ऑल बेरीज आर नॉट स्मॉलर दॅन १८" असलं वाक्य लिहूच नका. एकजण वाचेल, एकही मणी लहान नाही. दुसरा वाचेल, सगळेच काही लहान नाहीत. मराठीतही "सगळे मणी लहान नाहीत" म्हणलं की हाच घोळ होतो. सरळ लिहा, "नो बेरी इज स्मॉलर दॅन १८ एमएम."

तारीख बदलली एवढंच सांगायचं असेल तर लेटेस्ट नको. "रिवाइज्ड डेट" लिहा, म्हणजे सुधारित तारीख. आणि तिच्यापुढं नॉट अर्लियर दॅन की नॉट लेटर दॅन, ते लिहा. नुसती तारीख म्हणजे खांब एकच, तार कुठल्या बाजूला ओढायची ते समोरच्याला कसं कळणार?

रिपोर्टबद्दल पण एक सांगतो. रिपोर्टवर औषधाच्या नावापुढं बीएलक्यू दिसलं की आपण म्हणतो, "शून्य आलं." शून्य नाही आलेलं. बीएलक्यू म्हणजे मशीन जेवढं खात्रीनं मोजू शकतं त्याच्या खाली. तीही तुलनाच आहे. औषध अजिबात नाही असं तो रिपोर्ट म्हणत नाही, आमच्या मोजमापाच्या मर्यादेपेक्षा कमी आहे असं म्हणतो. खरेदीदाराला लिहिताना "झीरो रेसिड्यू" लिहू नका. रिपोर्टमध्ये जे शब्द आहेत तेच लिहा.

हे सगळं करताना माझ्या शेतीतली एक वेगळीच चूक सापडली, ती सांगून थांबतो.

मुलगी म्हणाली, "पप्पा, दॅन आलं की विचारायचं, कशापेक्षा. दॅन नसलं तर जास्तच विचारायचं." मी तसाच उठलो आणि औषधाच्या खोलीत गेलो. एका टॉनिकच्या बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं, बेटर साइज, हायर शुगर, मोअर शाइन. तीन तुलना आणि दॅन एकही नाही. कशापेक्षा बेटर? पाण्यापेक्षा? दुसऱ्या बाटलीपेक्षा? गेल्या वर्षीपेक्षा? मराठी पत्रकावर पण तेच, "अधिक फुगवण, जास्त चकाकी". मी तीन वर्षं ते टॉनिक वापरत होतो आणि सगळ्यांना सांगत होतो की फरक पडतो. फरक कशापेक्षा, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. कारण पूर्ण प्लॉटवर मारत होतो. तुलना करायला दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं.

या हंगामात दोन ओळी सोडल्या. बाकी सगळं सारखं, खत, पाणी, विरळणी, डिपिंग, फक्त ते टॉनिक नाही. परवा दोन्हीकडचे पन्नास-पन्नास मणी कॅलिपरनं मोजले. फरक असा काही निघाला नाही. दोन ओळींवर आणि एका वर्षावर मी कुणाचं औषध खोटं ठरवत नाही. पण माझ्या प्लॉटपुरतं पुढच्या वर्षी आधी अर्ध्या एकरावर बघणार, मग पैसे घालणार. कृषी विद्यापीठातले सर "कंट्रोल ठेवा, कंट्रोल ठेवा" म्हणतात ते हेच. न फवारलेली ओळ म्हणजे तुमच्या वाक्यातला "पेक्षा". ती नसली तर वाक्य अर्धंच राहतं.

काल साहेबांना यंदाचा मेसेज गेला. मुलीला न दाखवता लिहिला. "प्लीज टेक सॅम्पल नॉट अर्लियर दॅन २ फेब्रुवारी. इफ आय स्प्रे अगेन, आय विल सेंड रिवाइज्ड डेट."

साहेबांचं उत्तर आलं, "नोटेड. व्हेरी क्लिअर."

बायकोला मराठीत वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग गेल्या साली मी काय वेगळं सांगितलं होतं?"

काही वेगळं नव्हतं.

तुमच्याकडं असा एखादा शब्द असेल ज्यानं व्यवहारात फसवलं, तर जरूर कळवा. मंडळी, सध्या सकाळचं दव वाढलंय, पानाच्या मागच्या बाजूला लक्ष ठेवा. आणि आज जे औषध माराल त्याचा पीएचआय कुठल्या तारखेला संपतो, ते टाकी भरायच्या आधी वहीत लिहा.

राम राम.